निवाड्यानंतर

सायंकाळी जुहूच्या किनाऱ्यावर फिरावयास जाण्याचा माझा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. भेळेच्या गाड्या आणि मुलांचा गलका यांतून वाट काढीत मी महात्माजींच्या पुतळ्यापाशी येतो व घटकाभर थांबतो. हा पुतळा येथे शोभेपुरता नाही. 1924 च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, 5 फेब्रुवारीस सरकारने त्यांना बंधमुक्त केले, आणि मार्चपासून मेअखेरपर्यंत ते जुहूस शेठ नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यात विश्रांतीसाठी राहिले. येरवड्याच्या तुरुंगात लिहावयास घेतलेल्या 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या ग्रंथाच्या प्रस्तावनेखाली जुहूचेच नाव व 2 एप्रिल 1924 ही तारीख आहे.

त्या दक्षिण आफ्रिकेत ते प्रथम गेले ते देशकार्यासाठी नव्हे, तर एका खटल्याच्या कामासाठी. मुंबईत वकिलीचा जम न बसलेला चोवीस वर्षांच्या आतला हा बॅरिस्टर 1893 च्या मे महिन्यात दरबानला उतरला. दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्यांचा प्रिटोरियाच्या तय्यब शेठांवर चाळीस हजार पौंडांचा दावा होता. दोघेही मूळचे पोरबंदरचे, मेमण मुसलमान, आणि वर एकमेकांचे नातलग. न्यायासन मात्र डच वंशाच्या लोकांच्या राज्यातले, मोठे वकील गोरे, वह्या व पत्रव्यवहार गुजराती, आणि या सर्वांच्या मध्ये उभा राहिलेला हा तरुण वैष्णव वाणी! त्याला जमाखर्चाचे ज्ञान नव्हते. म्हणून त्याने त्या विषयाचे पुस्तक आणून अभ्यास केला, गुजराती कागदांचे इंग्रजी भाषांतर केले, आणि खटल्याची खडान्‌खडा माहिती करून घेतली. तेव्हा त्याच्या ध्यानी दोन गोष्टी आल्या. एक, आपल्या अशिलाची बाजू सबळ आहे. दुसरी, खटला असाच चालला तर वकिलांच्या फीपायी वादी व प्रतिवादी दोघेही बुडतील. म्हणून त्याने तय्यब शेठांची भेट घेतली आणि दोन्ही पक्षांस लवाद नेमण्यास राजी केले.

लवादाने निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने दिला. सुमारे सदतीस हजार पौंड व खर्च ही रक्कम तय्यब शेठांनी द्यावयाची ठरली. वकिलाचे काम येथे संपले असे कोणीही म्हणेल. परंतु एवढी रक्कम तय्यब शेठ एकदम देऊ शकत नव्हते, आणि दिवाळे निघणे हे त्या समाजात मरणाहून वाईट मानले जाई. त्यांना एक पैही कमी द्यावयाची नव्हती. हवी होती ती मुदत. तेव्हा गांधीजी आपल्याच जिंकलेल्या अशिलाकडे गेले आणि त्यांनी दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून देण्याविषयी त्यांचे मन वळविले. लवादास संमती मिळविण्यापेक्षा ही संमती मिळविणे त्यांना अधिक जड गेले, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेविले आहे. पुढच्या वीस वर्षांच्या वकिलीत शेकडो तंटे त्यांनी आपसात मिटविले. त्या मार्गाचा आरंभ या हप्त्यांत आहे.

येथे लवाद आणि मध्यस्थी यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. लवाद ऐकून घेतो आणि निवाडा देतो. मध्यस्थ निवाडा देत नाही; पक्षकारांनाच तोडगा सापडावा म्हणून तो खटपट करितो. आपल्या संसदेने 2023 साली संमत केलेल्या मध्यस्थी अधिनियमातही मध्यस्थाने तोडगा लादू नये हेच तत्त्व आहे. आपल्या परंपरेलाही ही दृष्टी नवी नाही. महाभारतात मागणी पाच गावांपर्यंत खाली आणली गेली. दुर्योधनाचे राज्य आणि मान दोन्ही राहावे, एवढी सवड त्या मागणीत ठेवलेली होती. ती शिष्टाई फसली, पण तिच्यातील शहाणपण फसले नाही.

मध्यस्थी नेहमी यशस्वी होतेच असे नाही. याच जुहूस 1924 च्या त्या उन्हाळ्यात चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू महात्माजींकडे आले होते. कायदेमंडळात जावे की न जावे, हा वाद होता. तिघेही कायदेपंडित; तरी एकमत झाले नाही आणि मे महिन्यात त्यांनी आपापली निवेदने निरनिराळी प्रसिद्ध केली. परंतु कोणी कोणास खाली पाहावयास लाविले नाही. म्हणूनच नोव्हेंबरात कलकत्त्यास त्यांच्यात समझोता होऊ शकला.

हे सर्व मी इतक्या तपशिलाने सांगतो याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या दोघा चुलतबंधूंमध्ये कोकणातील घर व आगर यांच्या वाटणीवरून बेबनाव झाला. मी वडील, त्यात संस्कृतचा मास्तर. दोघांनीही मजवर विश्वास टाकिला. मी जुने कागद वाचले, मिताक्षरेचा आधार काढिला, आणि थोरल्याने धाकट्यास अमुक रक्कम महिन्याच्या आत द्यावी असा निवाडा दिला. निवाडा योग्य होता. आजही त्यात एका अक्षराचा बदल करावा असे मला वाटत नाही. थोरल्याने रक्कम दिली. त्यासाठी वहिनींच्या बांगड्या मोडाव्या लागल्या, हे मला फार उशिरा समजले. त्या सालापासून तो घरच्या गणपतीस आलेला नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग तो म्हणाला, "दादा, रकमेचे मला दुःख नाही. ती देणे होतेच. पण 'तू ती देणार कशी?' एवढे तुम्ही मला विचारले नाहीत."

मजजवळ उत्तर नव्हते. प्रिटोरियाच्या त्या तरुण वकिलाने नेमके तेच विचारले होते, आणि तेही प्रतिपक्षाविषयी! मी मात्र न्याय देऊन मोकळा झालो आणि घरी येऊन समाधानाने जेवलो.

यंदा चतुर्थीला तो येईल की नाही, हे मला सांगता यावयाचे नाही. मात्र आमंत्रण द्यावयास या खेपेस मी एकटा जाणार नाही. धाकट्यास बरोबर नेणार आहे. तो येण्यास तयार झाला आहे.