तीस नंबरची दाढ

आमच्या पिंपळगाव बसवंतात परीक्षा रोज होते. व्यापारी क्रेटमधला एक टोमॅटो उचलतो, दाबून बघतो आणि निकाल जागच्या जागी सांगून मोकळा होतो. बँकेतल्या परीक्षांचं तसं नसतं. सी.ए.आय.आय.बी. नावाची एक परीक्षा मी गेली अठरा वर्षं 'पुढच्या वेळी नक्की' देतो आहे. पुस्तकं आणून ठेवलेली आहेत. सध्या त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

अशा या विद्येच्या माहेरघरी मागच्या उन्हाळ्यात आमची भाची अभ्यासाला आली. भाची डॉक्टर आहे, दातांची. बी.डी.एस. होऊन नाशकात तीन वर्षं स्वतःची पाटी लावून बसली होती. पुढे लग्न झालं, जावईबापू फ्लोरिडात, पाटी माळ्यावर गेली. इथल्या डिग्रीवर तिकडे कुणाच्या दाताला हात लावता येत नाही. डेंटिस्ट व्हायचं तर पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेज. आणि त्याची फी ऐकून माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट मटकन खाली बसला. मात्र फ्लोरिडात परदेशी दंतवैद्याला डेंटल हायजिनिस्टच्या परवान्यासाठी परीक्षा देता येते. हायजिनिस्टने दात उपटायचे नाहीत. किटण खरवडायचं, दात स्वच्छ करायचे आणि ते कसे राखावेत हे लोकांना शिकवायचं.

"म्हणजे एवढी डॉक्टर होऊन लोकांचे दात घासणार का रे ही?" ताई फोनवर रडली आणि शेजारपाजारच्या चौकशा नकोत म्हणून तिने लेकीची रवानगी मामाकडे केली.

भाची रडणाऱ्यातली नव्हे. तिने पहिल्याच दिवशी मला इतिहास ऐकवला. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावी डॉक्टर आल्फ्रेड फोन्सनी १९०६ साली आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं, १९१३ साली त्याची शाळाच काढली आणि १९१७ साली न्यूमनबाईंना जगातला पहिला परवाना मिळाला. "आणि मामा, आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्येसुद्धा हायजिनिस्ट आहे. लोकांना ठाऊक नाही, एवढंच."

"आईला सांगितलंस का हे?"

"सांगितलं. ती म्हणाली, न्यूमनबाई बी.डी.एस. होत्या का?"

लेखी परीक्षा एका दिवसाची, पण प्रश्न साडेतीनशे! दोनशे सुटे आणि दीडशे रुग्णांच्या केसेसवर. मी घड्याळ लावून प्रश्न विचारायचो, ती उत्तरं द्यायची. त्यातून मला कळलं, की लाळेतले क्षार बसून दातावरचा मऊ थर कडक होतो, त्याचं किटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते जास्त साचतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. थोडक्यात, स्टँडच्या नळाखाली शेवाळ धरतं तसं.

तिची खरी पंचाईत आकड्यांची होती. आपल्याकडे दाताला दोन आकडी नंबर: पहिला आकडा जबड्याच्या चौथाईचा, दुसरा दाताचा. अमेरिकेत सरळ एक ते बत्तीस. त्यामुळे उजवीकडच्या खालच्या ज्या दाढेला ती जन्मभर ४६ म्हणत आली, तिला तिकडे ३० म्हणतात. "खातं तेच, फोलिओ बदलला," मी म्हटलं. एवढ्या अभ्यासात माझं हे एकच वाक्य तिने वहीत लिहून घेतलं.

मग एका रविवारी प्रात्यक्षिक निघालं. तिने आपली हत्यारं आमच्या कुकरमध्ये वाफवली. "ऑटोक्लेव्ह म्हणजे शेवटी कुकरच, मामी." मामीने तो कुकर पुढे आठ दिवस वरणाला लावला नाही. मला खिडकीपाशी आरामखुर्चीत आडवं केलं आणि बॅटरी मारून भाचीने आत डोकावून पाहिलं. चेहरा कसा खुलला तिचा!

"मामा, काय किटण आहे हो! तिकडे प्रात्यक्षिकाला असा पेशंट आपणच शोधून न्यायचा असतो, किंवा मग प्लॅस्टिकच्या दातांचा पुतळा. तुम्हाला बॅगेत घालून नेते."

चाळीस वर्षांत माझ्या तोंडाची अशी तारीफ कुणी केली नव्हती.

हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मिलीमीटरमध्ये मोजायची, एका दाताच्या सहा जागा. माझे दात एकोणतीस, म्हणजे एकशे चौऱ्याहत्तर नोंदी. भाची आकडे सांगणार, सौ. वहीत टिपणार. अगदी आमच्या बँकेत पूर्वी लेजरचं कॉलिंग व्हायचं तसं. "तीन, दोन, तीन... दोन, दोन, तीन..." तीनपर्यंत ठीक असतं म्हणे. मला डुलकी लागत आली होती.

तीस नंबरवर आवाज बदलला. "तीन, पाच, सात."

ती थांबली. पुन्हा मोजलं. सातच.

"मामा, रक्त येतं?"

"येतं थोडं. ब्रश कडक आहे."

"कधीपासून?"

"मार्च एंडिंगपासून."

"कुठल्या?"

मी गप्प. सौ.ने पेन खाली ठेवलं. मग भाचीने तहान किती लागते, रात्री किती वेळा उठता, असली दाताशी काही संबंध नसलेली चौकशी सुरू केली. संबंध होता. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं: १८६. मधुमेहाची हद्द १२६ ला सुरू होते. पुन्हा तपासलं, तरी आकडा हद्दीच्या पलीकडेच.

त्या संध्याकाळी मीच ताईला फोन केला. "तुझी लेक दातच घासते," म्हटलं, "पण मागच्या वर्षी ऑफिसच्या तपासणीला मी सुट्टी टाकली होती. हिने दाढ बघून माझी साखर पकडली." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ताई म्हणाली, "गोड बंद कर मेल्या." पण दुसऱ्या दिवशी ती स्वतः नाशकाहून एस.टी.ने आली. लेकीसाठी शेवयाचा डबा होता, माझ्यासाठी कारली.

भाची परत गेली, परीक्षा दिली, निकाल आला: पास. ताईने पहिला प्रश्न विचारला, "किती टक्के?" टक्के नाहीत. तिकडे पास झालेल्याला नुसतं पास म्हणतात. ताई दोन दिवस बेचैन होती. टक्क्यांशिवाय पेढे वाटायचे कसे? शेवटी पेढे वाटले, आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, "अमेरिकेचा परवाना आहे, टक्के कसले विचारता!" प्रात्यक्षिक अजून बाकी आहे, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

मीही नाशकाला जाऊन दात साफ करून घेतले. औषध चालू आहे, सकाळी हायवेच्या कडेने फिरतो. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तीस नंबर पुन्हा मोजला. त्यांच्या हिशेबी तो ४६. "तीन, चार, चार," ते म्हणाले. "आता चालेल."

घरी येऊन मी इस्त्रीचे कपडे उचलले आणि सी.ए.आय.आय.बी.चं पहिलं पुस्तक बाहेर काढलं. कपडे सध्या दुसऱ्या पुस्तकावर आहेत.