व्हिक्टरचा हात, दादाचा हात

दादाचा डावा हात प्रेसमध्ये गेला तेव्हा मी आठवीत होते. त्या कारखान्यात त्याला बाबांनीच चिकटवलं होतं, ठेकेदाराच्या पाया पडून. त्यानंतर आमच्या पोशीरच्या घरात ते दोघं एकमेकांशी बोलायचे ते फक्त माझ्यामार्फत. "दादाला सांग, जेवून घे."

मी तेव्हा टीव्हीवर 'टीन टायटन्स' बघायचे. त्यातला सायबॉर्ग, अर्धा माणूस आणि अर्धं यंत्र, 'बूया!' ओरडायचा. दादाला कृत्रिम हात मिळाला तेव्हा मी शाळेत सांगून टाकलं, आमच्या घरी सायबॉर्ग आहे. पोरं बघायला आली. दादा मागच्या दारानं नदीवर निघून गेला, तो अंधार पडल्यावरच परतला.

मूळ कॉमिक्स मी कॉलेजात वाचली. मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी 1980 मध्ये निर्माण केलेला व्हिक्टर स्टोन अजिबात बूया-छाप नाही. तो खेळाडू असतो. आईवडील शास्त्रज्ञ. वडिलांच्या प्रयोगशाळेतल्या अपघातात आई जाते, आणि जखमी मुलाला वडील न विचारताच धातूत जोडतात. जीव वाचवला म्हणून मुलगा बापाला माफ करत नाही. ते वाचताना मला आमची ओटी दिसत होती.

पुढे ज्याच्या हाती व्हिक्टर आला त्यानं त्याला नवं शरीर दिलं. नव्वदच्या दशकात तो परग्रहावरच्या यंत्रांत विरघळला, मग आकार बदलणारं सोनेरी शरीर घेऊन आला, मग पुन्हा धातू. 2011 मध्ये तो थेट जस्टिस लीगचा संस्थापक झाला. स्वतःची नियमित मालिका मिळायला मात्र 2015 उजाडलं. 2017 च्या सिनेमात त्याची गोष्ट कापली गेली. 2021 मध्ये झॅक स्नायडरच्या आवृत्तीत बाप-लेकासकट परत आली. एवढी शरीरं बदलली, पण मला आवडतो तो 1981 चा आठवा अंक. त्यात मारामारी जवळजवळ नाहीच. व्हिक्टरला सारा सिम्स नावाची शिक्षिका भेटते आणि तिची कृत्रिम हातपायांची मुलं. ती त्याला बिचकत नाहीत, त्याचे हात त्यांना भारी वाटतात. मी नेलेली पोरंही हातच बघायला आली होती. पण त्यांचे स्वतःचे दोन्ही शाबूत होते.

दादाचा तो हात गोरापान होता. "हा मुंबईचा, मी पोशीरचा," तो म्हणायचा. लग्नाकार्यात घालायचा, एरवी खुंटीवर. भातकापणीला त्याचा काय उपयोग? उजव्या हातात विळा धरला तरी डाव्यात रोपांची मूठ यायला हवी.

चौथ्या वर्षी कापणीच्या आधी बाबा कुणाला न सांगता नेरळला गेले. संध्याकाळी पिशवीतून लोखंडी आकडा काढला, वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेला, जुन्या चपलेच्या कातड्याचा पट्टा लावलेला. ओबडधोबड. वुल्फमनच्या व्हिक्टरनं तो बघून तोंड फिरवलं असतं.

दादानं बराच वेळ तो उलटसुलट करून पाहिला. मग हात पुढे केला. बाबांनी खाली बसून पट्टा आवळला.

"काचतोय का?" त्यांनी विचारलं. मला नाही, त्याला.

"एक भोक सैल करा," दादा म्हणाला.