एकर-गुंठ्याची चौकट मी बनवली!

अहो, जरा इकडे या! संगणकावरच्या फॉर्ममध्ये बटणं, चौकटी, याद्या असतात ना, ज्यांना कंट्रोल म्हणतात, त्या आपल्या आपण बनवता येतात! अगदी नव्या! आणि एकदा बनवली की हव्या तितक्या फॉर्मांवर ठेवायची! मी प्रोग्रॅमर नाही, मांडवगण फराट्यात उसाच्या लागणीच्या नोंदी ठेवतो. जाणकारांनी खुशाल दुरुस्त करावं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही!

आपलं बोलणं एकर-गुंठ्यात, सातबारा हेक्टर-आरमध्ये आणि तयार चौकटीला कळतो फक्त दशांश! दीड एकर कुणी 1.5 लिहितं, तर कुणी एक एकर वीस गुंठे म्हणून 1.20! बेरीज जुळणार कशी?

म्हणून प्रोग्रॅम बनवायच्या व्हिज्युअल स्टुडिओत विंडोज फॉर्म्सचा प्रोजेक्ट उघडला आणि मग त्यात ‘युजर कंट्रोल’ घेतला, कोरी करडी पाटी समोर आली, आणि मग तिच्यावर आकड्यांच्या दोन चौकटी ठेवल्या आणि मग गुंठे 40 झाले की एकर एकाने वाढवायचा एवढ्या थोड्या ओळी लिहिल्या आणि मग बिल्ड केलं आणि बघतो तर काय, टूलबॉक्समध्ये सगळ्यात वर माझा कंट्रोल! मायक्रोसॉफ्टच्या बटणांच्या रांगेत!

गुंठ्यात 55 टाका, टॅब दाबा. एक एकर पंधरा गुंठे! आपोआप!

आणि हे बघा, त्या ओळी ज्या भाषेत लिहिल्या त्या सी शार्पमध्ये नावं देवनागरीत चालतात! चौकटीच्या प्रॉपर्टींना मी सरळ ‘एकर’ आणि ‘गुंठे’ अशी नावं दिली, आणि प्रॉपर्टीजच्या खिडकीत रंग, फॉन्ट यांच्यासोबत ‘गुंठे’ दिसायला लागले! गुंठे, हो!

खरी गंमत पुढेच. लागणीची नोंद, ठिबक, पीककर्ज, सगळ्या फॉर्मांवर हीच चौकट ठेवली होती. मग तिच्याखाली हेक्टर दाखवणारी ओळ घातली, एकराला 0.4047 च्या हिशोबाने, परत बिल्ड केलं, आणि सगळीकडे एकदम ती ओळ! एकाही फॉर्मला हात न लावता!

ही सोय आजची नाही म्हणे. 1997 च्या व्हिज्युअल बेसिक 5 मध्येही स्वतःचे कंट्रोल बनवता यायचे. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही!

तुमच्याकडे क्विंटल-किलो असेल, नाहीतर लिटर-फॅट. तीच चौकट पहिली बनवा. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती घरच्या कामाला फुकट मिळते, आजच उतरवून घ्या!