शेगडीची चावी

1961 साली पानशेत फुटले, त्याच पुरात खडकवासल्याचे धरणही फुटले. ते पुन्हा बांधायच्या कामावर माझे वडील बिगारी म्हणून आले आणि आम्ही इथलेच झालो. पुढे 1974 साली एका जुन्या बंगल्यातले सामान मोडीत निघाले. त्यातली बिडाची कोळशाची शेगडी वडिलांनी हातगाडीवर घालून आणली. आई म्हणाली, "शेगडी कसली, इंजिनच आणलंय!"

आत बिडाची जाळी होती. तिचे चौकोनी टोक बाजूच्या भोकातून बोटभर बाहेर आलेले. त्याला मूठ लावून जाळी हलवायची, म्हणजे राख खाली पडते. मूठ तेवढी बंगल्यातच राहिली होती.

आई वरून सळई खुपसायची. त्याने निखारे विस्कटायचे, अर्धा जळका कोळसा राखेत जायचा, म्हणजे पैसेच राखेत. लोणारी कोळशाची राख थोडी, तो असता तर चालून गेले असते. पण आम्हाला परवडायचा तो दगडी कोळसा, आणि आपल्याकडच्या दगडी कोळशात बऱ्याचदा शंभर किलोला तीस किलोच्या वर राखच निघते. वडिलांनी पक्कड लावून पाहिली. टोकाचे कोपरे झिजले, आईच्या मनगटाला चटका बसला, जाळी हलली नाही.

मी सातवीत असतानाची गोष्ट. पावसाची झड होती म्हणून खिडकी लावलेली. जाळी राखेने बुजली, खालून वारा येईना. अशा वेळी कोळसा धुमसतो आणि जो वायू सुटतो त्याला ना रंग ना वास. धाकटी बहीण डोके दुखते म्हणून आडवी झाली, ती हाक मारली तरी उठेना. आईने तिला उचलून पावसात बाहेर नेले. पडवीत बराच वेळ बसल्यावर तिने डोळे उघडले. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. एसटीत काम करणाऱ्या शेजारच्या काकांनी बॉक्स पाना दिला. पण पान्याला सहा कोपरे, टोकाला चार. नुसता गरगर फिरायचा. मग एके सकाळी नळावर पाणी सोडणारे मामा त्यांची लांब चावी खड्ड्यात घालून फिरवत होते. मी वाकून पाहिले.

"मामा, चावीला आतून चौकोन आहे का हो?"

"हाय की. का गं पोरी?"

त्यांची चावी आमच्या टोकाला फार मोठी होती. पण घडण तीच पाहिजे, हे कळले. वडिलांनी कानशीने टोकाचे कोपरे सरळ केले, कपड्याच्या साबणाची वडी त्यावर दाबून ठसा घेतला आणि लोहाराकडे गेले. लोहाराने जाड पट्टी तापवून चौकोनी दांडीभोवती ठोकली, तिला हातभर सळई आणि वर आडवी मूठ जोडली. म्हणाला, "जरा सैल ठेवतो. तापल्यावर लोखंड फुगतं, घट्ट केली तर अडकून बसंल." ही अक्कल आम्हाला कुठली!

संध्याकाळी आईने चावी लावली. दोन हिसके दिले. राख भसकन खाली आली आणि जाळीखाली लाली दिसली. आई म्हणाली, "खिडकी उघडी ठेवा, पाऊस आला तरी." तो नियम पुढे कधी मोडला नाही.

आता घरात गॅस आहे. शेगडी अंगणात असते, 14 एप्रिलला मोठ्या पातेल्यात चहा ठेवायला निघते. आई थकली आहे, पण चावी तिच्याच उशाला. गेल्या वर्षी भावजयीने मागितली, "आत्या, मी हलवते." आईने दिली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"लाल दिसलं की थांब. जास्त हलवशील तर निखारा पडंल. आणि राख बादलीत काढ लोखंडाच्या, प्लास्टिकच्या नको."