आईकडचे लोर्का
वर्गात आम्ही वर्षानुवर्षे ‘लोर्का’ एवढेच म्हणत आलो. वास्तविक फेदेरिको गार्सिया लोर्का या नावात वडिलांचे आडनाव गार्सिया. लोर्का हे आई विसेन्ता यांचे. स्पेनमध्ये सर्वाधिक आढळते ते गार्सियाच. त्याचे मूळ काही अभ्यासक अस्वल या अर्थाच्या बास्क शब्दात शोधतात. लोर्का मात्र ग्रामनाम: रोमनांचे एलिओक्रोका, अरबी अमदानीतले लुर्का, आजचे मुर्सिया प्रांतातले लोर्का. तीन भाषांच्या तोंडी झिजलेला शब्द!

‘मग वडिलांचे नाव गळले कसे?’ एका विद्यार्थिनीने विचारले. अतिपरिचयाने, आम्ही म्हणालो. १९३६ साली ग्रानादाजवळ या कवीला गोळ्या घातल्या गेल्या. देह अद्याप सापडलेला नाही. स्पॅनिश सूचीत तो ‘गार्सिया’खाली असतो, हे कळूनही आमची टिपणे आम्ही ‘ल’खालून हलवली नाहीत.