अर्धं कापलेलं पाकीट

चिकलठाणा,
१४ डिसेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. प्रश्न साधा आहे: "मामा, शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ॲलर्जीची कुठली गोळी ठेवू?" याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण त्याच्या वरची ओळ वाचून माझा चहा गार झाला. "किल्ल्यावर सहावीतल्या एकीला गांधीलमाशी चावली, अंगभर गांध्या उठल्या, एक उलटी झाली, गोळी दिली, बसमध्ये झोपली, सुटलो." सुटलो! कोण सुटलं गं?

फोन केला असता तर "हो मामा, हो मामा" म्हणत तू एकीकडे फोडणी दिली असतीस. म्हणून लिहितोय. शिवाय एक राग आहे तो कागदावरच बरा. पुण्याहून दोन बस भरून दौलताबादपर्यंत आलीस आणि चिकलठाण्याला डोकावली नाहीस. पोरांसकट आली असतीस तरी मामीनं पोहे टाकले असते. ती अजून फुगून बसली आहे. असो.

आधी त्या "झोपली"चं बघू. माशी चावली त्या जागी सूज आली, खाज आली, तर ती एका जागेची गोष्ट. बर्फ लावावा, गोळी द्यावी, विषय संपला. पण हाताला चावलेल्या माशीनं पोटावर गांध्या उठतात आणि वर उलटी होते, तेव्हा प्रकरण कातडीपुरतं राहिलेलं नसतं. त्यालाच डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. पुढे आवाज घोगरा होतो, घसा आवळतो, छातीत सुं-सुं होतं, चक्कर येते, रक्तदाब कोसळतो. आणि यातलं पहिलं काही कळायचं असेल तर मूल जागं हवं ना! "घशात कसं वाटतंय?" हे झोपलेल्या पोरीला कसं विचारणार होतीस? ती गोळीनं पेंगली होती की रक्तदाबानं, हे बसच्या अंधारात तुला कोण सांगणार होतं? अप्पांचा केंब्रिज चौकातला तो प्रकार आठव. त्यांनीही सर्दीची अशीच गोळी घेतली होती आणि "मला काही झोपबीप येत नाही" म्हणत स्कूटरला किक मारली होती. पुढचं मी लिहीत नाही, आणि हे पत्र तुझ्या आईला दाखवू नकोस.

आता तो फोटो. पेटीचा फोटो पाठवलास तो मी मोठा करून पाहिला. कोपऱ्यात अर्धं कापलेलं पाकीट, तीन गोळ्या शिल्लक, आणि चांदीवर वाचता येतंय ते एवढंच: "...फेनिरामाइन मॅलिएट". आधीचा भाग कात्रीनं गेला. चिमणे, नुसत्या "फेनिरामाइन मॅलिएट"ची गोळी साधारण २५ मिलिग्रॅमची येते, आणि त्याच्या आधी "क्लोर" ही दोन अक्षरं असली तर तीच गोळी ४ मिलिग्रॅमची. दोन वेगळी औषधं! तू त्या पोरीला त्यातलं कुठलं दिलंस, किती दिलंस? तुला माहीत नाही. मला फोटोवरून सांगता येत नाही. मेडिकलवाल्यालाही आठवणार नाही. एक्स्पायरीची तारीख तर आधीच कुणाच्या तरी तीन गोळ्यांबरोबर त्याच्या घरी गेली.

तुला वाटेल, मामा सुरू झाला. हो, झालो! सत्तावीस वर्षं पॅकिंगला काढली आहेत. लहानपणी तू मला निळा मामा म्हणायचीस ते कशामुळे, तुला कधी सांगितलं का? मिथिलिन ब्लूच्या पाण्यात पाकिटं बुडवायची, झाकण लावून व्हॅक्यूम ओढायचा, काही वेळानं हवा सोडायची. पाकीट काढून पुसायचं आणि एकेक पॉकेट फोडून बघायचं. चांदीच्या कडेला केसाएवढी फट असली तरी पांढऱ्या गोळीवर निळा ठिपका उमटायचा. एक ठिपका, की मशीन थांबायची. सुपरवायझर ओरडायचा, मी बोटं दाखवायचो. एका गोळीला दमट हवा लागू नये म्हणून आम्ही एवढं करायचो आणि तुम्ही लोक त्या गोळ्या पाकिटातून काढून चुन्याच्या डबीत ठेवता! तुझ्या आईच्या पर्समध्ये अशी एक डबी आहे. तीत पांढऱ्या गोळ्या आहेत. कसल्या, ते तिला माहीत नाही.

तेव्हा पेटीसाठी अख्खं पाकीट घ्यायचं, दहाचं. जनऔषधीत चहाच्या पैशांत येतं. मेडिकलवाला "कशाला दहा, चार न्या" म्हणेल, ऐकायचं नाही. ब्रँड कुठलाही चालेल, आतलं नाव वाचायचं. कुठल्या महिन्याची एक्स्पायरी आहे ते पेटीच्या झाकणावर मार्करनं लिहायचं. छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. आणि पेटी बसच्या डॅशबोर्डवर नको. पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीत चाळीस होतात.

गोळी कुठली? ॲलर्जी उठवणाऱ्या हिस्टामिनला अडवणारं पहिलं द्रव्य डॅनियल बोव्हेनं १९३७ साली शोधलं, त्याला १९५७ साली नोबेल मिळालं. त्या पहिल्या पिढीच्या गोळ्या मेंदूत शिरतात, म्हणून माणूस पेंगतो. तुझ्या पाकिटातली त्याच पिढीची. म्हाताऱ्यांची त्यानं लघवीही अडते. त्या गोळ्या पेटीतून काढ. सेटिरिझिन १० मिलिग्रॅम ठेव. सहा वर्षांवरच्या मुलांना दिवसातून एकदा ५ ते १० देतात, पण शाळेच्या डॉक्टरांकडून वयाप्रमाणे लिहून घे आणि पालकांची सही सहलीच्या फॉर्मवरच घे. सेटिरिझिननंही एखाद्याला झोप येते, तरी जुन्या गोळीइतकी नाही. तुला स्वतःला वर्गात पेंगायचं नसेल तर फेक्सोफेनाडिन. मात्र ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नकोस, अंगी लागत नाही. पाण्याबरोबरच घे. मोसंबीच्या प्रदेशात राहून हे सांगावं लागतं. मी पावसाळाभर लिव्होसेटिरिझिन घेतो, कारण घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत माजतं. ते देशात पहिल्यांदा तुमच्या पुण्यातच दिसलं होतं, १९५० च्या दशकात. म्हणजे माझ्या शिंका पुण्याहून आलेल्या आहेत.

मॉन्टेलुकास्ट घातलेल्या जोडगोळ्या नकोत. २०२० साली अमेरिकेच्या औषध खात्यानं त्यांच्यावर मन बिघडण्याबद्दलचा ठळक इशारा छापायला लावला. सर्दीची सिरपं नकोत. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असं आपल्या औषध नियंत्रकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. स्टेरॉइडच्या बारीक गोळ्या कुणी "असू द्या मॅडम" म्हणून दिल्या तर परत कर. थोडं कॅलामाइन ठेव. झाली पेटी.

पण यातलं काहीही त्या दिवशी कामाचं नव्हतं, हे तुला कळलं ना? सेटिरिझिनला नीट पकडायला तासभर लागतो. माशीचं विष भिनलं तर पंधरा मिनिटंही पुरतात. तिथे औषध एकच, ॲड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एक मिलिलिटरची काचेची कुपी असते, स्वस्त. परदेशात पेनासारखं तयार मिळतं, तसं आपल्याकडे सहज मिळत नाही. तू टोचायला जाऊ नकोस. पण सहलीला निघण्याआधी वाटेतलं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं, तिथे डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात, हे विचारून ठेवता येतं की नाही? १०८ लावता येतो की नाही? पोरीला आडवं करून पाय उंच ठेवायचे, श्वास लागत असेल तर बसवायचं, चालवायचं नाही. तुम्ही तिला किल्ल्याच्या पायऱ्या चालत उतरवलंत, होय ना? मेसेजमध्ये लिहिलं नाहीस, पण दुसरा रस्ता आहे कुठे तिथे.

आणखी एक. हे दुखणं कधीकधी ओसरून काही तासांनी परत उलटतं. म्हणून दवाखान्यात ठेवून घेतात. ती पोर त्या रात्री घरी कुणाजवळ झोपली? तिच्या आईला तू काय सांगितलंस? नुसतं "माशी चावली होती, आता ठीक आहे" एवढंच सांगितलं असशील तर आज परत फोन कर. गांध्यांचं सांग आणि उलटीचं सांग. पुढच्या वेळी माशी चावली तर घरी गोळी देऊन बघत बसू नका म्हणावं, आणि त्याआधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा म्हणावं. रागावतील तुझ्यावर. रागावू दे.

मामीनं आत्ता मागून वाचलं. ती विचारतेय, पोरगी सोमवारी शाळेत आली होती का?

तुझा
मामा