भिंतीसाठी अर्ज

कलाशाळेच्या अखेरच्या वर्षातील त्या मुलीने प्रस्ताव लिहायला घेतला, तेव्हा तिच्याजवळ चित्रे सात होती आणि अर्जात तिने वीस लिहिली होती. उरलेली तेरा अद्याप मनातही उतरली नव्हती. तरी त्यांची मापे, माध्यम आणि ‘संकल्पना’ आजच लिहून देणे भाग होते.

१८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासाठी एके काळी पुरे झालेले चित्रच परीक्षकांपुढे ठेवावे लागे. एकट्याचे प्रदर्शन भरवायचे, तर भिंत आधी मागावी लागते. काळा घोड्याजवळ १९५२ साली जहांगीर कलादालन उघडले. पुढे तिथल्या तारखांसाठी वर्षानुवर्षे थांबणे चित्रकारांच्या अंगवळणी पडले. तोवर अन्य लहान दालनांची दारे ठोठवायची, आणि तीही कागदानेच.

प्रस्ताव इंग्रजीत हवा होता. वरच्या वर्गातील एका मित्राने तिला ‘स्मृती, अवकाश, विस्थापन’ असे तीन भारदस्त शब्द काढून दिले. ते तिच्या चित्रांना बसत होते. खटकत होते ते इतकेच, की ते कोणाच्याही चित्रांना बसले असते. एका दालनाकडून नकार आला. कारण दिलेले नव्हते. (अशा पत्रांत ते नसतेच.)

दिवाळीत ती मिरजेला गेली. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. फ्लेक्स आल्यापासून ते काम जवळजवळ थांबलेच होते. अर्ज वाचून त्यांनी एकच विचारले, “भिंत किती फुटांची?”

“साठ.”

“चित्र?”

“चार फूट रुंद.”

“मग वीस कशी मावतील? ऐंशी होतात, बाई. आणि मधली जागा?”

तिने मान खाली घातली. त्या रात्री दोघांनी जमिनीवर खडूची दोरी मारून भिंत आखली. अकरा चित्रे, मध्ये हातभर मोकळीक. म्हणजे काढायची राहिली चार. तिने ते तीन शब्द खोडले आणि लिहिले, की ही वडिलांनी रंगवलेल्या आणि आता उन्हाने उडालेल्या पाट्यांची चित्रे आहेत. ते वाक्य मराठीत सहज आले. इंग्रजीत न्यायला पहाट झाली.

पाकीट बंद करताना वडील म्हणाले, “वर अक्षरं काय घालायची?”

प्रदर्शनाच्या शीर्षकाचा रकाना कोराच राहिला होता.